उमसुनाय एजेच्या चादरी

२८ मार्च २०१९ रोजी ग्रामपरिषदेने आम्हाला अठरा हजार चारशे सोम मंजूर केले. गावामागच्या उतारावर, झऱ्याच्या भोवती, आर्चाची रोपं लावण्यासाठी. रोपवाटिकेतलं वीतभर रोप चाळीस सोमला, अशी चारशे रोपं आणि बाकीचे ट्रकच्या डिझेलला. कुंपणाच्या तारेला काही उरत नव्हतं. पाणीवापर संस्थेचा हिशेबनीस या नात्याने मी हे सभेतच मांडलं, आणि तारेशिवाय रोपं लावणं म्हणजे बकऱ्यांना जेवणाचं आमंत्रण देणं होय, असंही म्हणालो.

उमसुनाय एजे खिडकीपाशी उभी होती. ती सभेत बसत नाही. ती म्हणाली, "मुकाश, तू आधी रोपं तर आण. तार नाही म्हणून गाडी सुटायची थांबते का?"

सभा हसली. आमच्या कोक-दोबो गावात तिला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तेवीस वर्षं ती सरोवराच्या दक्षिण काठाने काराकोल ते बालिकची या दोन शहरांत धावणाऱ्या बसमध्ये कंडक्टर होती. पुढे लहान खाजगी गाड्या आल्या, मोठी बस बंद झाली, आणि एजे गावात आली ती उभ्या पायांनी. घरात चहा पितानाही ती चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते. सून म्हणते, आमच्या घरी गालिचा मधोमध झिजतो. सुनेला ती आवडते, पण एजे बाहेर गेली की घर जरा श्वास घेतं, असंही सून म्हणते.

त्या उतारावर पूर्वी आर्चाचं रान होतं. आर्चा हे आमच्या डोंगरातलं काटक, सुवासिक झाड. त्याची ओली डहाळी जाळून धूर घरभर फिरवला की घरातली पीडा जाते, असं आम्ही मानतो. ते वर्षाला बोटभरसुद्धा वाढत नाही. आमचा देश नव्याने स्वतंत्र झाला त्या काळात कोळसा मिळेना, वीज टिकेना, तेव्हा सगळ्या गावाने मिळून दोन-तीन हिवाळ्यांत ते रान चुलीत घातलं. त्यानंतर झरा बारीक होत गेला. आता उन्हाळ्याच्या शेवटी त्याची धार मनगटाएवढीही नसते.

परिषदेने पैसे दिले ते अटीवर. पंधरा ऑक्टोबरला माणूस येऊन मोजेल. निम्मी रोपं जगलेली असली, तर उतार पाच वर्षं राखीव राहील आणि दुसरा हप्ता मिळेल. नसली, तर उतार शारशेनला चराईसाठी भाड्याने जाईल. शारशेनकडे गावातला सर्वांत मोठा कळप आहे आणि तो दोन वर्षं त्या उतारासाठी अर्ज करत होता. एजेने सभेत सांगितलं की जबाबदारी तिची. कागदावर सहीही तिनेच केली, उभ्यानेच, खिडकीच्या कठड्यावर कागद टेकवून.

एप्रिलमध्ये आशार झाला. कोणाला घर बांधायचं असो की पाट साफ करायचा असो, त्याने हाक द्यायची, गावाने बिनपैशांनी राबायचं आणि हाक देणाऱ्याने सगळ्यांना जेवू घालायचं, हा आमच्याकडचा आशार. एजेने प्रत्येक दारात जाऊन हाक दिली होती. शंभराच्या वर माणसं आली. कढईत पुलाव शिजत होता, कुदळी चालत होत्या, पोरं झऱ्यातून पाणी आणत होती. शारशेनही आला. त्याने तीन रोपं लावली आणि दोन ताटं पुलाव खाल्ला. एजे त्याच्यापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन रोपांत दोन ताटं बसत नाहीत, शारशेन. उरलेलं भाडं उतरताना दे." तोही हसला. म्हणाला, माझ्या बकऱ्या येऊन देतील.

जेवणं झाल्यावर एजेने घरून एक गाठोडं आणलं. त्यात पांढऱ्या चादरी होत्या, तिच्या आईने तिच्या लग्नात दिलेल्या. तिने त्या टराटरा फाडायला सुरुवात केली. बाया धावल्या, अगं काय करतेस म्हणाल्या. ती म्हणाली की जुलैत गवत कापणारे विळे घेऊन येतील, त्यांना वीतभर रोप दिसणार नाही, पण चिंधी दिसेल. गुराख्यांनाही लांबून कळेल. मग आम्ही प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवली आणि काठीला पांढरी पट्टी बांधली. संध्याकाळी खालून बघितलं तर सगळा उतार वाऱ्यावर फडफडत होता. ते फार सुंदर दिसत होतं आणि आम्हा सगळ्यांनाच स्वतःचं कौतुक वाटलं. आम्ही काय करून बसलो होतो ते शंभरातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्यानंतर एजेने रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. सकाळी आठला जुन्या बसथांब्यापासून निघायचं, खांद्याला हात लावून माणसं मोजायची, आणि आठ म्हणजे आठ. उशिरा येणाऱ्याने मागून धावत यायचं. झऱ्यापर्यंत जायचं, रोपांना पाणी घालायचं, मग वर खिंडीपर्यंत चढायचं, तितर ऐकायचे, रानपुदिना वेचायचा, येताना वाटेवरच्या बाटल्या उचलायच्या. मे महिन्यात तीस-चाळीस माणसं असत. जूनमध्ये निम्मं गाव कळपांबरोबर वरच्या कुरणांत गेलं. उरलेल्यांनी सरोवराच्या पाहुण्यांसाठी खोल्या सारवायला घेतल्या. जुलैच्या पहिल्या रविवारी थांब्यावर पाच जण होतो, त्यांतला एक पाहुणा चुकून आलेला. पाच माणसांनी चारशे रोपांना पाणी घालायचं. एजे दर पावलाला मागे वळून बघायची, अजून कोणी धावत येतंय का म्हणून.

त्याच रविवारी झऱ्याजवळच्या एका काठीवर मला हिरवा रेशमी रुमाल दिसला. त्याच्या शेजारी फुलाफुलांच्या कापडाची पट्टी. पुढच्या काठीवर लाल. मी एजेला दाखवलं. ती म्हणाली, "हे आपलं नाही."

डोंगरात झरा, झऱ्याकाठी आर्चा आणि आर्चापाशी बांधलेल्या पांढऱ्या चिंध्या, हे बघितल्यावर आमचा कोणताही माणूस गाडी थांबवतो, खाली उतरतो, दोन्ही तळवे तोंडावरून फिरवतो आणि खिशात असेल तो रुमाल बांधतो. तिथे कबर असायलाच हवी असं नाही. अशा जागेलाही आम्ही मजारच म्हणतो. कुरणाकडे जाणारा कोणी परगावचा मनुष्य थांबला असेल, त्याचं बघून दुसरा थांबला असेल. गावातल्या लोकांना खरं ठाऊक होतं, पण गाव वर कुरणांत होतं.

ऑगस्ट लागेपर्यंत दर गुरुवारी सात-आठ गाड्या येऊ लागल्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले होते, कोणाचा तुरुंगातला भाऊ सुटला होता. लोक मेंढी कापत, तेलात नान तळत, उतारावरच चूल मांडत. जाताना घरी धूर करायला म्हणून एकेक डहाळी मोडून नेत. मोठ्या झाडाची डहाळी मोडली तर झाडाला कळत नाही. वीतभर रोपाची डहाळी म्हणजे अर्धं रोप. झऱ्याजवळची साठेक रोपं अशी गेली. मशिदीत मोल्दोंनी, म्हणजे मौलवींनी, सांगितलं की झाडाकडे मागणं बरं नव्हे. ऐकणाऱ्यांतले निम्मे गुरुवारी उतारावर होतेच.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. गावातल्या दुभत्या बकऱ्या, ज्या जूनपर्यंत रोज हाकलाव्या लागत, त्या आता उतारावर दिसत नव्हत्या. अशा जागी जनावर चारायला कोणी धजत नाही. मी हे एजेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बकरीच्या तोंडून काढून माणसाच्या हातात दिलं."

तिने बांधलेली कापडं सोडायला सुरुवात केली. आमच्यातल्या कोणी हात लावला नाही. जो दुसऱ्याची गाठ सोडतो त्याच्या अंगावर ती पीडा येते, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी तरी का खोटं बोलू, मीही खिशात हात घालून उभा होतो. ती एकटी काठीकाठीपाशी वाकायची, गाठ सोडायची, कापडाची घडी करायची आणि जुन्या तिकिटांच्या चामडी पिशवीत ठेवायची. टाकून द्यायचं धाडस तिलाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेवढीच कापडं पुन्हा असत. आठवड्याभराने तिचा गुडघा सुजला. गाव म्हणालं, बघा. ती म्हणाली, तेवीस वर्षं बसमध्ये उभी होते, गुडघा आता थकबाकी मागतोय. पण लंगडतही ती बसली नाही आणि गाठी सोडताना तिचे ओठ हलताना मी पाहिले आहेत.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी तिने ठरवलं की सांगून टाकायचं. पंधरा ऑक्टोबर जवळ आला होता. उतारावर तीस-पस्तीस माणसं होती. ती झऱ्याच्या वरच्या दगडावर चढली आणि बसमध्ये थांबा पुकारायची त्या आवाजात म्हणाली, "ऐका. ही जागा मजार नाही. इथे कोणी पुरलेलं नाही, कोणी बघितलेलं नाही. या पांढऱ्या चिंध्या माझ्या आहेत. माझ्या लग्नातल्या चादरी आहेत. विळ्याखाली रोपं येऊ नयेत म्हणून मी फाडल्या. तुम्ही डहाळ्या मोडू नका, एवढंच माझं म्हणणं."

 मग खाली बसलेली एक म्हातारी उठली. ती केन्जेकान आपा, शारशेनची आई; आईला आणि वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपा म्हणतो. तिचा सात वर्षांचा नातू तिच्या हाताला होता. त्या पोराला फिट येत असत. जुलैपासून, म्हणजे आपा इथे येऊ लागल्यापासून, ती आली नव्हती.

केन्जेकान आपा म्हणाली, "चादर तुझी असेल. नवस माझा आहे."

एजेने दगडावरून उतरून तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "आपा, काराकोलच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे ना? ते बंद नका करू."

"औषध दोन वेळा देते," आपा म्हणाली. "मी म्हातारी झालेय, खुळी नाही."

लोकांनी आपापली कापडं बांधली आणि गेले. डहाळ्या त्या दिवशी थोड्या कमी मोडल्या गेल्या असतील, मी मोजल्या नाहीत. एजे मला म्हणाली की निदान सांगून झालं, आता झोप लागेल. पण झोप लागायची वेळच आली नाही. शनिवारी सकाळी शारशेनचा कळप कुरणांतून खाली उतरला आणि रस्त्याने सरळ न जाता उतारावर पसरला.

मला कळलं तेव्हा मी धावत गेलो. एजे काठी घेऊन, लंगडत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बकऱ्या हाकलत होती. ती एकीकडून हाकली की दुसरीकडून शिरत. शारशेन घोड्यावर बसून बघत होता. मी त्याला म्हणालो की उतार अजून परिषदेचा आहे. तो म्हणाला की कुंपण कुठे आहे ते दाखवा, हिशेबनीस.

मग तो एजेकडे वळला. "एजे, तूच तर गुरुवारी सांगितलंस. सगळ्या गावात झालंय. पीर नाही, मजार नाही, चादरी आहेत. माझ्या बकऱ्या चादरींना भीत नाहीत."

एजे थांबली. काठी टेकून उभी राहिली.  तिने खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्यावरूनच बकऱ्या आत आल्या होत्या. एक बकरी आमच्या दोघांच्या मधून गेली आणि तिने पायापाशीचं रोप खुडलं. एजेने तिलाही हाकललं नाही.

तेवढ्यात केन्जेकान आपा वर चढत आली. तिला कोणी सांगितलं ठाऊक नाही. कळपाच्या घंटा सगळ्या गावात ऐकू जात होत्या. ती धापा टाकत झऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "शारशेन, घोड्यावरून उतर."

तो उतरला.

"आपा, ती स्वतःच म्हणाली की—"

"ती काय म्हणाली ते मी तिच्या तोंडून ऐकलंय. मी तिथेच होते. तुझा पोरगा जुलैपासून एकदाही पडला नाही, हे तू कधी बोललास? तुझ्या बकऱ्या माझा नवस खातायत. ने त्यांना खाली."

शारशेनने एकवार माझ्याकडे बघितलं, जणू हे मी घडवून आणलं होतं. मग तो शिट्टी वाजवून कळप वळवू लागला. चाळीस वर्षांचा, मिशीवाला माणूस, मान खाली घालून. अर्ध्या तासात उतार मोकळा झाला. खालच्या तीन रांगा बोडक्या झाल्या होत्या.

आपा बसल्या जागेवरून एजेला म्हणाली की अशा जागेला राखणदार लागतो. कुठे बांधायचं, कुठे चूल मांडायची, हे सांगणारं कोणी नसलं की लोक वाटेल तसं वागतात. "तू इथे ऊठसूट उभी असतेस. तूच सांगत जा."

एजेने नाही म्हटलं. जी जागा मजार नाही असं तिने दगडावर चढून सांगितलं, तिचीच राखणदार तिने कसं व्हायचं? पुढचे तीन-चार दिवस ती घरात आणि अंगणात नुसती फिरत होती. माझ्याकडे आली, चहाचा पेला हातात घेऊन दारातून फाटकापर्यंत गेली, परत आली, पेला भरलेलाच. गप्प बसले तर मी लोकांना फसवते, बोलले तर बकऱ्या, असं ती म्हणत होती. मी तिला सुचवलं की पंधरा ऑक्टोबरपर्यंत गप्प राहावं, मग बोलावं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

बुधवारी तिने दुकानदार झाकिपकडून बारा प्लास्टिकच्या बादल्या उधारीवर उचलल्या. उताराच्या पायथ्याशी, रोपांपासून दूर, दोन खांब रोवून त्यांच्यामध्ये जाड दोर ताणला. रस्त्याकडेच्या वाळूत दगडांची चूल मांडली. गुरुवारी गाड्या आल्या तेव्हा ती पायवाटेच्या तोंडाशी उभी होती. कापड दोरावर. चूल वाळूत. डहाळी मोडायची नाही. वर जायचं तर प्रत्येकाने एक बादली भरून घ्यायची आणि रोपांना घालायची, एका रोपाला अर्धी. पुढे सरका, मध्ये उभे राहू नका. मागच्यांना वाट द्या.

लोकांनी ऐकलं. असं सांगणारं कोणी असतंच, अशी त्यांची समजूत होती. बाया नवस बोलत बादल्या उचलत होत्या. एका जाड्या व्यापाऱ्याने चार खेपा केल्या आणि घाम पुसत तिला विचारलं, "एजे, खरं सांग, ही जागा जागृत आहे का?"

ती म्हणाली, "मला नका विचारू. मी कंडक्टर आहे. गाडी कुठे जाते ते ड्रायव्हरला ठाऊक."

तो खूश झाला आणि पाचवी खेप घेऊन गेला. एजे खूश नव्हती. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं, पण तिला विचारलेल्याचं उत्तरही दिलं नव्हतं, आणि दिवसभर तिला तेच टोचत राहिलं. संध्याकाळी तिने मला विचारलं की तू असतास तर काय म्हणाला असतास. मी म्हणालो, हेच. ती म्हणाली, "तू हिशेबनीस आहेस, तुला चालतं."

त्या पाच आठवड्यांत रोपांना जेवढं पाणी मिळालं तेवढं सगळ्या उन्हाळ्यात मिळालं नव्हतं. आमच्या रविवारच्या फेरीला त्या काळात कधी नऊ माणसं आली, कधी सहा.

पंधरा ऑक्टोबरला परिषदेचा माणूस आला. जोराचा वारा सुटला होता. त्याने टोपी हाताने धरून रांगेरांगेने मोजलं. एजे त्याच्या मागे एका पावलावर. शारशेन खाली रस्त्यावर घोड्याशेजारी उभा होता, त्याची आई दोराजवळ. आकडा आला दोनशे चार. दोनशेवर चार. मी वही मिटली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

एजे म्हणाली, "परत मोजा."

तो माणूस म्हणाला की आकडा तुमच्याच बाजूचा आहे. ती म्हणाली की वरच्या रांगेत दोन सुकलेली आहेत, ती तुम्ही हिरवी धरलीत, वाऱ्यात नीट दिसलं नसेल. मी तिचा कोट मागून ओढला. तिने माझा हात झटकला. तो पुन्हा वर चढला, वाकून नखाने साल खरवडून बघितली, आणि दोन नाही, तीन कमी केली. दोनशे एक. शारशेन दोन पावलं पुढे आला. एजेचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती म्हणाली, आता बरोबर आहे. त्या माणसाने सही केली. उतार पाच वर्षं राखीव झाला आणि दुसरा हप्ता मार्चमध्ये मिळेल असं ठरलं.

शारशेन घोड्यावर बसून आईला घ्यायला दोरापर्यंत आला. जाताना एजेला म्हणाला की दोन रोपं हिवाळ्यात मेली तर? ती म्हणाली की मेली तर तुझ्यासमोरच मोजू. तो निघून गेल्यावर ती परत वर चढू लागली. मी विचारलं आता कुठे. तिला आठवत होतं की दुसऱ्या रांगेतल्या एका काठीची पट्टी वाऱ्याने सुटली आहे. आता बर्फ पडणार, काठीवर काही दिसलं नाही तर शेळीमेंढीवाले चुकतील. तिच्या हातात हिरवा रुमाल होता, कोणाचा तरी नवसाचा, पिशवीतला. पांढऱ्या चादरी संपल्या होत्या. तिने तो क्षणभर उलटसुलट केला आणि काठीला बांधला. मग दोन पावलं खाली आली, थांबली, परत वर गेली, आणि गाठ आणखी घट्ट केली.

बारा बादल्यांपैकी सात बादल्यांचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. पाच बादल्यांचे सातशे पन्नास सोम झाकिपला अजून द्यायचे आहेत.